जुहूची छपरे : दुरुस्तीच्या आधी तपासणी

ऊन, पाऊस आणि वारा यांचा सर्वाधिक मारा घराच्या छपरावर होतो. परंतु ते रोजच्या नजरेच्या टप्प्यात नसल्यामुळे छताला ओल आली किंवा गिलाव्याचा पोपडा खाली पडला, की मगच रहिवाशांना त्याची आठवण होते. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील जुहू या समुद्रालगतच्या वस्तीत ही उपेक्षा विशेष महाग पडते, कारण तेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि वर्षाचे बाराही महिने खारा वारा काँक्रीट, लोखंड व लाकूड यांच्यात शिरत राहतो. दरवर्षी मे महिन्यात येथील गच्च्यांवर डांबर, रसायने, रंग आणि ताडपत्र्या यांची लगबग सुरू होते आणि तीच गळती पुढच्या जुलैत पुन्हा प्रकट होते. याचे मुख्य कारण असे, की दुरुस्ती होते, पण तिच्याआधी व्हायला हवी ती तपासणी होत नाही. छपराचे वय आणि साहित्य ओळखून, जाणकार माणसाने ठराविक काळाने केलेली पाहणी हाच छपराच्या देखभालीचा पाया आहे, आणि त्या पायावाचून केलेला खर्च बहुधा पावसाबरोबर वाहून जातो.

एका वस्तीत अनेक काळांची छपरे

जुहूच्या छपरांचे वैविध्य तेथील वस्तीच्या इतिहासातून आले आहे. जुहू कोळीवाडा, मोरागाव आणि जुहू गावठाण या मूळ वस्त्यांमध्ये उतरत्या छपरांची घरे होती आणि त्यांतील काही कौलारू घरे आजही तग धरून आहेत. १९२८ साली येथे विमानतळ सुरू झाला, किनाऱ्यालगत बंगले उभे राहिले आणि स्वातंत्र्योत्तर काळात जुहू-विलेपार्ले विकास योजनेच्या भूखंडांवर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सपाट गच्चीच्या इमारती बांधल्या गेल्या. नेहरूनगरसारख्या दाट वस्त्यांमध्ये सिमेंटचे व लोखंडी पत्रे हेच मुख्य छप्पर राहिले, तर अलीकडच्या पुनर्विकासातून उंच इमारती, वाहनतळावरील बागा आणि काचेची छते आली.

त्यातही एकाच घरावर एकाच प्रकारचे छप्पर असते असे नाही. गावठाणातील एखाद्या घराचा पुढचा भाग मंगलोरी कौलांचा, मागचा वाढवलेला भाग पत्र्याचा आणि न्हाणीघरावर छोटासा स्लॅब, अशी रचना अनेकदा दिसते. अशा घरांत गळती बहुधा कौलातून किंवा पत्र्यातून होत नाही, तर दोन साहित्ये जिथे एकत्र येतात त्या सांध्यातून होते, कारण उन्हाने प्रत्येक साहित्य वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते आणि त्यांच्यामध्ये भरलेले सिमेंट एक-दोन ऋतूंतच तडकते. म्हणून तपासणीचे पहिले काम छपराचा नकाशा काढून कोणता भाग कोणत्या साहित्याचा, कोणत्या काळातला आणि कोणत्या भागाला कुठे जोडलेला आहे, याची नोंद करणे हे असते.

शाकारणी : तपासणीची जुनी रीत

मंगलोरी कौलाचा कारखानदारी इतिहास १८६५ पासून सुरू होतो. त्या वर्षी बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि यंत्राने दाबून, भट्टीत भाजलेली ही खाचेची कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्याआधी कुंभाराच्या चाकावर घडवलेली अर्धगोल नळीची कौले वापरात होती. दोन्ही प्रकारांत कौल हे केवळ वरचे आवरण असते आणि छपराचा भार आढे, वासे व रिपा यांच्या लाकडी सांगाड्यावर असतो. आढे म्हणजे छपराच्या माथ्यावरची आडवी तुळई, वासे म्हणजे आढ्यापासून भिंतीकडे उतरणारी लाकडे आणि रिपा म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौले अडकवण्याच्या पट्ट्या.

कोकणपट्टीत पावसाळ्याआधी घर शाकारण्याची पद्धत होती. शाकारणीत कौले उतरवून, झाडून, फुटलेली बाजूला काढून पुन्हा रचली जात, आणि हे करताना घरातील प्रत्येक कौल माणसाच्या हाताखालून जात असे, प्रत्येक वासा उघडा पडत असे. वाळवी लागलेले लाकूड, पाण्याने काळवंडलेला आढ्याचा सांधा, उंदरांनी किंवा मांजरांनी सरकवलेली कौले हे सर्व त्या वेळी आपोआप लक्षात येत असे. शाकारणी ही दुरुस्ती होती, त्याचबरोबर ती संपूर्ण छपराची वार्षिक तपासणीही होती, आणि ती घरोघर नित्यनेमाने होत होती. सपाट स्लॅब आल्यावर ही सवय सुटली; काँक्रीटला देखभाल लागत नाही, हा समज रूढ झाला आणि छप्पर वर्षातून एकदा पूर्णपणे पाहण्याची प्रथा तिच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था न येताच लोपली. आजच्या व्यावसायिक तपासणीकडे या लोपलेल्या व्यवस्थेची भरपाई म्हणून पाहिले पाहिजे.

कौलारू छपराची पाहणी आतून आणि बाहेरून अशी दोन्ही बाजूंनी करावी लागते. भर दिवसा घरात अंधार करून वर पाहिल्यास जिथून उजेड येतो तिथून पाणीही येऊ शकते, हे साधे निरीक्षण आजही उपयोगी आहे. त्यानंतर वाशांची भिंतीत गेलेली टोके टोकदार सळईने टोचून पाहिली जातात, कारण लाकूड कुजण्याची सुरुवात बहुधा भिंतीतील ओलाव्याशी संबंध येणाऱ्या या टोकांपासून होते आणि वरून ते धडधाकट दिसत राहते. आढ्यावरील कोन्यांचा, म्हणजे माथा झाकणाऱ्या कौलांचा, चुना किंवा सिमेंट सुटले आहे का, दोन पाखांमधील पन्हळीचा पत्रा गंजला आहे का, वळचणीला पाणी मागे भिंतीकडे वळते का, आणि छपराच्या रेषेला कुठे झोळ आला आहे का, हेही पाहिले जाते. झोळ दिसत असेल तर दोष कौलांत नसून खालच्या लाकडात असतो आणि नुसती कौले बदलून तो दूर होत नाही.

पत्र्यांचे छप्पर

पत्र्यांमध्ये सिमेंटचे पत्रे आणि धातूचे पत्रे असे दोन ठळक प्रकार आहेत आणि दोन्हींची तपासणी वेगळी आहे. जुन्या सिमेंट पत्र्यांमध्ये मजबुतीसाठी अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू हवेत मिसळण्याचा धोका कमी असतो. परंतु तो फोडणे, कापणे, कोरडा घासणे किंवा त्याला यंत्राने भोके पाडणे यांमुळे सूक्ष्म धूळ उडते आणि ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. त्यामुळे अशा पत्र्यावरचे शेवाळ कोरड्या ब्रशने खरवडू नये, आणि तो बदलायचाच असेल तर ओला करून, न तोडता, अखंड उतरवावा. जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळही होतो आणि त्यावर थेट पाय देणारा माणूस आरपार खाली पडू शकतो. म्हणून जाणकार तपासनीस पत्र्याखालच्या आधारांवर टेकणाऱ्या फळ्या टाकून, कंबरेला सुरक्षापट्टा बांधूनच वर जातो.

धातूच्या पत्र्यावर जस्ताचा किंवा जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा संरक्षक लेप असतो. समुद्राजवळ हा लेप लवकर झिजतो आणि गंज प्रथम कापलेल्या कडांना, दोन पत्र्यांच्या जोडात आणि पत्रा सांगाड्याला पकडणाऱ्या हुकांच्या भोवती दिसतो. हुकाखालचा रबरी किंवा डांबरी वायसर उन्हाने कडक होऊन फाटला, की त्या भोकातून पाणी उतरते आणि हुकाचा लोखंडी भाग आतून खाल्ला जातो. ही झीज गळतीपुरती मर्यादित राहत नाही. वाऱ्याच्या वेगाने छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर वरच्या दिशेने ओढ निर्माण होते. पत्रा दाबला जाऊन नव्हे, तर उचलला जाऊन उडतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची छपरे अशीच उडाली, आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाबा येथे ताशी ११४ किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले. पत्र्याच्या तपासणीत कडेच्या रांगेतील हुकांची मोजदाद आणि त्यांची पकड सर्वांत आधी पाहिली जाते, ती याच कारणाने. पत्र्यावर विटा आणि दगड ठेवण्याच्या सर्वत्र रूढ असलेल्या उपायाने वाऱ्याची ओढ थांबत नाही, उलट वादळात तेच दगड खालच्या माणसांवर पडण्याचा धोका निर्माण होतो.

स्लॅबच्या पोटात काय घडते

जुहूतील बहुसंख्य सहकारी संस्थांच्या इमारतींना सपाट गच्ची आहे आणि व्यावसायिक तपासणीची सर्वाधिक गरजही तिथेच आहे, कारण तिचा बिघाड आतल्या आत होतो. अशा गच्चीचे थर सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात : सर्वांत खाली लोखंडी सळयांचा काँक्रीट स्लॅब, त्यावर विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून उतार दिलेला कोबा, आणि वर घोटलेले सिमेंट किंवा फुटक्या चिनी मातीच्या फरशांचा थर, ज्याला बोलीत चायना मोझेक म्हणतात. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे काटकोन न ठेवता गोलाकार भरणी केली जाते. कारागीर तिला वाटा म्हणतात आणि बहुतेक जुन्या गच्च्यांवर पहिली भेग या वाट्यापाशीच पडते.

भेगेतून शिरलेले पाणी सरळ खाली उतरत नाही. ते विटांच्या कोब्यात साठते, स्लॅबच्या उताराने आडवे सरकते आणि एखादी चीर, विजेच्या तारेची नळी किंवा पंख्याच्या हुकाची जागा मिळेल तिथून खाली येते. त्यामुळे दिवाणखान्यात दिसणाऱ्या डागाच्या नेमके वर गच्चीत दोष सापडेलच असे नसते, आणि डागाच्या वरचा तेवढाच चौकोन खोदून लेप देण्याची प्रचलित पद्धत याच कारणाने फसते.

पाण्यापेक्षाही गंभीर गोष्ट सळईला लागणारा गंज ही आहे. ताज्या काँक्रीटचा सामू १२ च्या वर असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते, आणि त्या वातावरणात सळईवर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. कालांतराने हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून ही अल्कता कमी करतो. याला कार्बनीभवन म्हणतात. किनाऱ्याजवळ याच्या जोडीला मिठातील क्लोराइडचे कण येतात आणि ते अल्कता शाबूत असतानाही पापुद्रा भेदतात. मुंबईतील अनेक जुन्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये नीट न धुतलेली खाडीची रेती वापरली गेल्यामुळे काहींच्या बाबतीत हा क्षार बांधकामाच्या दिवसापासूनच आत होता. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापते, त्यामुळे आतून दाब निर्माण होऊन काँक्रीट फुगते, सळईच्या रेषेत तडा जातो आणि अखेर तुकडे निखळतात.

काँक्रीटसंबंधीचे भारतीय मानक, आयएस ४५६, २००० साली सुधारले गेले तेव्हा त्यात किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटचा समावेश तीव्र वातावरणाच्या वर्गात झाला आणि त्यासाठी सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले गेले. त्याआधीच्या काळातील स्लॅबमध्ये आवरण बहुधा याहून बरेच कमी असते. म्हणून १९७० च्या दशकातील इमारत आणि २०१० नंतरची इमारत यांची एकाच मापाने तपासणी करता येत नाही. पहिलीत आवरण किती उरले आहे हा प्रश्न मुख्य असतो, तर दुसरीत जलरोधक पटल, सांधे आणि पाइपांच्या जागा अधिक पाहाव्या लागतात.

तपासणीची साधने

चांगल्या तपासणीची सुरुवात उपकरणांनी होत नाही, प्रश्नांनी होते. गळती पावसाळ्यातच होते की वर्षभर? पाऊस सुरू होताच होते की काही तासांनी? वर्षभर टपकणारे पाणी बहुधा टाकीचे किंवा पाइपाचे असते. पावसाबरोबर लगेच येणारे पाणी उघड्या भेगेतून, आणि पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस येत राहणारे पाणी कोब्यात साठलेल्या ओलाव्यातून येते. वरच्या मजल्यावरील रहिवाशांची नीट घेतलेली माहिती अनेकदा निम्मे निदान करून देते. याच टप्प्यावर शोभेच्या छताची, म्हणजे फॉल्स सीलिंगची, काही झाकणे उघडून मूळ स्लॅब पाहणे आवश्यक असते, कारण जिप्समच्या सुबक पाट्यांच्या वर अनेक वर्षे सळया उघड्या पडलेल्या असू शकतात आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो.

यानंतर हातोडीने स्लॅबचा तळ ठोकून पाहिला जातो. भरीव आवाज आल्यास काँक्रीट एकसंध असते, पोकळ आवाज आल्यास आत थर सुटलेला असतो. गच्चीवर पाणी अडवून केलेली चाचणी सर्वांत विश्वसनीय मानली जाते : पाणी जाण्याची तोंडे बंद करून गच्चीचा एक-एक भाग थोड्या सेंटिमीटर पाण्याखाली किमान २४ तास ठेवतात आणि खालून निरीक्षण करतात. भागाभागाने ही चाचणी केल्यास गळतीची जागा निश्चित होते. उष्णतेच्या फरकावरून ओल दाखवणारा अवरक्त कॅमेरा आणि ओलावा मोजणारे यंत्र या निदानाला पुष्टी देतात. मात्र केवळ त्यांच्या रंगीत चित्रांवर विसंबून निष्कर्ष काढणे योग्य नाही.

काँक्रीटची प्रकृती पाहण्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. प्रतिक्षेप हातोड्याने पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो. श्राव्यातीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून पाठवून त्यांचा वेग मोजला जातो. सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक वेग असल्यास दर्जा चांगला, तर तीन किलोमीटरहून कमी असल्यास तो शंकास्पद समजतात. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाचा फवारा मारल्यास निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बनीभवन झालेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला असेल तर सळईचे संरक्षण संपले असे समजावे. विद्युत विभवाच्या चाचणीने सळईत गंजाची क्रिया चालू असण्याची शक्यता किती, हे न फोडता कळते. सर्व इमारतींना सर्व चाचण्या लागत नाहीत. कोणत्या, किती आणि कुठे करायच्या, हे ठरवण्यातच अभियंत्याचे कौशल्य असते.

इतरत्र छपराच्या पाहणीसाठी ड्रोन सर्रास वापरले जाऊ लागले आहेत. जुहूत मात्र विमानतळ अगदी लागून असल्यामुळे परवानगीशिवाय ते उडवता येत नाहीत. उंच काठीला लावलेला कॅमेरा किंवा शेजारच्या इमारतीवरून दुर्बिणीने केलेली पाहणी यांवर इथे समाधान मानावे लागते.

न दिसणारा भार

गळतीइतकाच महत्त्वाचा, पण चर्चेत न येणारा विषय भाराचा आहे. माणसांच्या वापरातील गच्चीसाठी भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलोग्रॅम इतका वापराचा भार गृहीत धरला जातो. ३० सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर एवढ्याच जागेवर ५०० किलोग्रॅमच्या आसपास भार टाकतो, आणि हजार लिटरची भरलेली टाकी एका टनाची असते. गच्चीवरची बाग, नंतर बसवलेल्या टाक्या, मोबाइलचे मनोरे आणि वातानुकूलनाची यंत्रे यांचा हिशेब मूळ आराखड्यात असतोच असे नाही. याशिवाय, प्रत्येक गळतीनंतर जुना कोबा न काढता त्यावर नवा थर चढवण्याच्या पद्धतीमुळे जुन्या गच्च्या दर दशकाला अधिकाधिक जड होत जातात आणि खालचा स्लॅब मात्र गंजाने दुर्बळ होत जातो.

पाण्याचा भारही कमी नसतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत जुहूलगतच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्या एका दिवसात सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी पडले, असा याचा अर्थ होतो. पाणी जाण्याच्या तोंडाशी पालापाचोळा आणि प्लॅस्टिक अडकून अशा गच्चीवर केवळ १० सेंटिमीटर पाणी साचले, तरी स्लॅबवर ३० टनांचा भार येतो. त्यामुळे जाळ्यांची स्थिती, पाइपांची संख्या आणि पाणी तुंबल्यास ते बाहेर पडण्यासाठी कठड्यात ठेवलेली जादा भोके यांची नोंद प्रत्येक तपासणीत असलीच पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर सौरपट्ट्या बसवणाऱ्या संस्थाही वाढत आहेत. त्या सुमारे २५ वर्षांसाठी बसवल्या जात असल्याने गच्चीची तपासणी आणि जलरोधन त्यांच्या आधीच पूर्ण झाले पाहिजे.

कायदा आणि जबाबदारी

दक्षिण व मध्य मुंबईतील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी म्हाडाचे स्वतंत्र मंडळ आहे. उपनगरांना, म्हणजेच जुहूलाही, ती व्यवस्था लागू नाही. येथे जबाबदारी मालकांची आणि गृहनिर्माण संस्थेची असते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३५३ ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून तिच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. तपासणीअंती धोकादायक इमारतींचे वर्गीकरण होते : सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती आवश्यक असलेली, सी-२ब म्हणजे रहिवासी न हलवता संरचनात्मक दुरुस्ती करता येणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनी याहून आधीची मर्यादा घातली आहे. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावी, असे त्यांत सांगितले आहे. खर्चाबाबतही हे उपविधी स्पष्ट आहेत. गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्यावरील सदनिकेचे छत व त्याचा गिलावा बिघडला, तर तो संस्थेने संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. सदनिकेच्या आतील नळ, शौचालय किंवा मोरी यांच्या गळतीचा खर्च मात्र त्या सदस्याचा असतो. गच्ची ही वरच्या मजल्याची अडचण आहे, असे मानून बाकीच्या सदस्यांनी हात झटकणे म्हणूनच नियमाला धरून नाही, आणि न्यायालाही धरून नाही. बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दराने जमवायचा दुरुस्ती निधी अशाच कामांसाठी असतो.

नव्या इमारतींतील रहिवाशांना वेगळे संरक्षण आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. ही मुदत संपण्याच्या पुरेशी आधी गच्ची, वाहनतळावरील बाग आणि काचेचे छत यांची स्वतंत्र तपासणी करून लेखी तक्रार नोंदवणे, हे नव्या संस्थेच्या पहिल्या समितीचे मोठे कर्तव्य मानले पाहिजे.

तपासनीस कोण आणि केव्हा

जलरोधनाचे काम घेणारे अनेक ठेकेदार विनामूल्य पाहणी करून देतात; परंतु ज्याला काम विकायचे आहे त्याच्या निदानात त्याने विकायचे ठरवलेले रसायनच उपाय म्हणून येण्याचा संभव अधिक असतो. तपासणी करणारा अभियंता आणि दुरुस्ती करणारा ठेकेदार वेगळे असावेत आणि अभियंत्याचे मानधन कामाच्या रकमेवर अवलंबून नसावे, हे सर्वांत किफायतशीर तत्त्व आहे. अहवालात गच्चीचा मोजमापांसह नकाशा, क्रमांक दिलेली छायाचित्रे, प्रत्येक चाचणीची जागा व निष्कर्ष, दोषाचे कारण, तातडीच्या आणि पुढे ढकलता येण्याजोग्या कामांची वेगळी यादी व अंदाजे परिमाणे असावीत. असा अहवाल हाती असला, की वेगवेगळ्या ठेकेदारांचे दर एकाच कामासाठी मागवता येतात, काम संपल्यावर पाणी अडवून पुन्हा चाचणी घेता येते, आणि पाच वर्षांनंतरच्या अभियंत्याला तुलनेसाठी आधार मिळतो.

वेळेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. पावसाळा संपताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओलीचे डाग ताजे असतात आणि पाण्याचे मार्ग ओळखता येतात. मे महिन्यात तेच छत कोरडे ठणठणीत दिसते. कोब्याला आठवडाभर पाणी धरून ठेवावे लागते, डांबरी पटलांना आणि लेपांना आधी कोरडा पृष्ठभाग लागतो, आणि काँक्रीटच्या दुरुस्तीत सैल भाग काढणे, सळई घासून स्वच्छ करणे, गंजरोधक लावणे व नवा मसाला भरणे हे टप्पे क्रमाने होऊ द्यावे लागतात. ही कामे डिसेंबर ते एप्रिल या काळात व्यवस्थित होतात. मे महिन्याच्या अखेरीस सुरू झालेले काम जूनच्या पहिल्या सरींत सापडते आणि अर्धवट खोदलेली गच्ची मूळ गच्चीपेक्षा अधिक गळते.

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, म्हणजे ती नेमकी पावसाळ्याच्या अखेरीस येते. जुहूतील, आणि मुंबईच्या किनारपट्टीवरील प्रत्येक संस्थेने या सभेत छपराच्या तपासणीचा विषय कायमचा कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, स्वतंत्र अभियंता नेमण्याचा ठराव करावा आणि ऑक्टोबरात तपासणी, हिवाळ्यात दुरुस्ती व मे महिन्यात केवळ जाळ्यांची आणि पन्हळींची साफसफाई हा क्रम पाळावा. गावठाणातील आणि पत्र्याच्या घरांतील कुटुंबांनीही शाकारणीची जुनी शिस्त सोडू नये. वर्षातून एकदा जाणत्या सुताराला किंवा पत्र्याच्या कारागिराला वर चढवून सांगाडा दाखवण्याचा खर्च उडालेल्या छपराच्या खर्चापुढे फार थोडा असतो.